झाडांच्या 'मेंदू'चा फॉरवर्ड: खरं किती, भर किती

व्हॉट्सॲपवर एक मजकूर पुन्हा फिरतोय: झाडांच्या पेशींत विजेवर चालणारी मेमरी सापडली, म्हणजे झाडांना आठवणी असतात, वेदना होतात, माणसाच्या मनातलं कळतं, आपल्या जगदीशचंद्र बोसांनी हे शंभर वर्षांपूर्वीच सिद्ध केलंय. यातला विजेचा भाग खरा आहे. 'म्हणजे'च्या पुढचं बहुतेक सगळं पदरचं.

'मनातलं कळतं' हा दावा १९६६चा. अमेरिकेतले पॉलिग्राफतज्ज्ञ (पॉलिग्राफ म्हणजे खोटं पकडायचं यंत्र) क्लीव्ह बॅक्स्टर यांनी ड्रॅसिना या शोभेच्या झाडाच्या पानाला त्याच्या तारा जोडल्या, पान जाळायचा नुसता विचार केला, आणि यंत्राची सुई उडाली म्हणे. शेजारी कोळंबीसारखे बारीक जीव मारले की झाड प्रतिसाद देतं, असंही त्यांनी पुढे छापलं. १९७५मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी तो प्रयोग काटेकोरपणे केला. झाडाला काही पत्ता लागला नाही. विषय संपला.

बोसांचं नाव घेणाऱ्यांनी बोस वाचलेले दिसत नाहीत. लाजाळूतून विजेचा संदेश जातो हे त्यांनी मोजून दाखवलं, वनस्पतींत मज्जातंतूंसारखी यंत्रणा आहे असंही ठामपणे मांडलं. पण त्याआधी, १९०२मध्ये, त्यांनी कथिलाच्या तारेला पीळ देऊन तसेच आलेख काढले होते. तार 'थकते', विषाने मंदावते, हेही नोंदवलं. आलेख हलला की वेदना, असं धरलं तर कल्हई लावतानाही कुणाला तरी दुखत असणार!

आता आठवण. इथे मात्र खरोखर काहीतरी आहे. व्हीनस फ्लायट्रॅप या किडे खाणाऱ्या झाडाच्या पानाचा दोन पाकळ्यांचा सापळा असतो; त्यात, प्रत्येक पाकळीवर साधारण तीन, असे बारीक केस असतात. किडा एका केसाला लागला की पानभर विजेची एक लहर जाते, पेशींत कॅल्शियम वाढतं, पण सापळा उघडाच राहतो. साधारण अर्ध्या मिनिटाच्या आत दुसरा स्पर्श झाला तर उरलेल्या कॅल्शियमवर नवं चढतं, पातळी उंबरठा ओलांडते आणि सापळा फटकन मिटतो. उशीर झाला तर कॅल्शियम ओसरलेलं असतं. मोजणी पुन्हा पहिल्यापासून. वाऱ्याने उडालेल्या कचऱ्यावर मेहनत वाया जाऊ नये, एवढ्यापुरती ही आठवण. आत अडकलेला किडा धडपडत राहिला आणि स्पर्श पाचच्या आसपास गेले की पचनरस तयार करण्याचं काम सुरू होतं.

फॉरवर्डमधली 'मेमरी' म्हणजे बहुधा मेमरिस्टर. आधी किती वीज गेली यावर ज्याचा विजेला होणारा रोध बदलतो, असा विद्युत घटक. कल्पना अभियंते लिऑन चुआंची, १९७१ची. फ्लायट्रॅप, लाजाळू, कोरफड यांत तसं वर्तन आढळलंय, पण ते माणसाच्या कातडीतही आढळतं. कातडीला बालपण आठवतं असं कुणी म्हणत नाही.

राहिली वेदना. अळीने पान कुरतडलं की जखमेतून ग्लुटामेट नावाचं रसायन पाझरतं आणि कॅल्शियमची लाट सेकंदाला साधारण एक मिलिमीटर वेगाने लांबच्या पानांकडे निघते. दोनेक मिनिटांत ती पानं बचावाची रसायनं बनवायला घेतात. यासाठी मेंदू लागत नाही, आणि झाडाला तो नाहीही.