मेल्यांनो, आधी वजन सांगा!

आमच्या लक्ष्मीपूजनाच्या ताटात आजीचा एक राणीछाप रुपया असतो, व्हिक्टोरिया राणीचा, चांदीचा. एकच. बाकीचे कुणाच्या आजारपणात, कुणाच्या लग्नात गेले. यंदा म्हटलं, आईला आणखी चार-पाच आणून देऊ, आणि तिथेच मती फिरली. मोबाइलवर जाहिरात आली : 'आजोबांच्या पेटीतले अस्सल चांदीचे रुपये, पाच नग, फक्त १,४९९.' आजोबांची पेटी म्हणे! आणि सगळ्यांच्या आजोबांच्या पेटीत तोच निळा मखमली रुमाल?

लोभ माझाही, कबूल. एका रुपयात साडेदहा ग्रॅमच्या वर निव्वळ चांदी असते. पाचांची किती होते आणि चांदीचा भाव काय चाललाय, हा हिशोब शेंबडं पोरही करेल. मी केला नाही.

कुरियरवाला आमच्या वाडीत येत नाही. कुडाळला जाऊन पार्सल आणलं आणि तसाच ओळखीच्या सोनाराकडे गेलो. त्याने एक नाणं काचेवर टाकलं. आजीचा रुपया खणखणतो, हा थपकन पडला. काट्यावर ९.७ ग्रॅम. सोनार चष्म्यावरून बघत म्हणाला, "ही चांदी न्हय रे झिला, जर्मन सिल्वर हा. तुका फसवल्यानी." जर्मन सिल्वर म्हणजे तांबं, जस्त आणि निकेलचं मिश्रण, नावातच काय ती चांदी!

घरी येऊन भिंगाखाली ठेवले, तर पाचही नाण्यांवर राणीच्या गालावर तोच ओरखडा, त्याच जागी. एका साच्यातून ओतलेले! कडेच्या दात्यांवरून मधोमध सांध्याची रेघ. आणि साल १८६२, नाव मात्र 'व्हिक्टोरिया एम्प्रेस'. अरे, एम्प्रेस हे नाव रुपयावर १८७७ पासून आलं, त्याआधी नुसतं 'क्वीन' असायचं. खोटं करायचं तर निदान अभ्यास तरी करा! खाचांमधला तो 'जुनेपणा' बोट चोळल्यावर बोटालाच लागला, बुटाच्या पॉलिशसारखा. आमच्याकडे पावसाळ्यात खरी चांदी आपोआप काळी पडते, तिला रंग फासावा लागत नाही. ही नाणी पुढच्या पावसात हिरवी होतील, लिहून ठेवा.

पण माझं डोकं खरं फिरलं ते वजनावरून. पार्सल यायच्या आधी मी त्या विकणाऱ्याला विचारलं होतं, भाऊ, एका नाण्याचं वजन किती, काट्यावर ठेवून फोटो पाठव. उत्तर : 'सर, प्राचीन वस्तूचं वजन नाही बघत, श्रद्धा बघतात.' श्रद्धा! हा रुपया म्हणजेच वजन होतं रे. एक रुपया म्हणजे एक तोळा, १८० ग्रेन, ११.६६ ग्रॅम. तराजूच्या एका पारड्यात रुपये टाकून दुसऱ्यात सोनं-चांदी तोलायचे. झिजून थोडं कमी भरेल, पण दोन ग्रॅम झिजला तर राणीचं नाकही उरणार नाही.

मग म्हणतो, चुंबक लावून बघा, चिकटत नाही. नाहीच चिकटणार! पितळही चिकटत नाही, जर्मन सिल्वरही नाही. उलट १९४७ चा खरा रुपया चिकटतो, कारण तो निकेलचा. तोही हे लोक 'चांदीचा' म्हणून विकतात. आणि १९४० ते १९४५ च्या जॉर्ज राजाच्या रुपयात चांदी निम्मीच, ५० टक्के, आधीच्यात ९१.७. हे कोण सांगणार? दुप्पट भाव मात्र घेणार.

काही महाभाग वजन जमवायला नाणं जाड ओततात. त्याला पाण्याचा इलाज आहे. घरच्या डिजिटल काट्यावर पाण्याची वाटी ठेवायची, काटा शून्य करायचा आणि नाणं दोऱ्याने पाण्यात लोंबतं सोडायचं, तळाला न टेकवता. खरा रुपया काटा साधारण १.१३ ग्रॅमवर नेतो, जाड ओतलेला खोटा त्याहून वर. आजीच्या रुपयावर करून पाहिलं, अगदी बरोबर. पण हे सगळं नाणं हातात आल्यावर. फोटोत काय कपाळ दिसणार! म्हणून पैसे देण्याआधी काट्यावरचा फोटो आणि कडेचा फोटो, दोन्ही मागायचे. टाळाटाळ केली की समजायचं.

परत पाठवायला गेलो तर, 'आपल्या पिनकोडवर रिटर्न पिकअप उपलब्ध नाही.' द्यायला पिनकोड चालतो, घ्यायला नाही? स्वखर्चाने पाठवतो म्हटलं, तर म्हणे पार्सल उघडतानाचा व्हिडिओ दाखवा. स्टँडवर एका हातात पिशवी, एका हातात छत्री, व्हिडिओ काय पायाने काढू? परत मेसेज केला तर ब्लॉक.

आईने पाचही नाणी उलटसुलट बघितली आणि म्हणाली, "ताटात नको हो ठेवू, लक्ष्मी रागावेल." सध्या ती खिडकीच्या फटीत पाचर म्हणून आहेत, वाऱ्याने दार आपटायचं थांबलंय.

आणि त्या माणसाची जाहिरात आज पुन्हा दिसली, दुसऱ्या नावाने. तोच रुमाल, तोच गालावरचा ओरखडा. 'घाई करा, शेवटचे तीन सेट.' परवा दोन होते.