दुपट्यावरच्या मधमाशीला पडलेल्या चुण्या : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

मशीन-भरतकामासाठी मी तयार केलेल्या मधमाशीच्या डिझाइनवरची आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. नातीच्या मलमलीच्या दुपट्यावर, कोपऱ्यात मावावी म्हणून ७० मिलिमीटरची माशी मशीनच्या पडद्यावर ५० मिलिमीटर करून आपण भरली. तिच्याभोवती कापड आकसून चुण्या पडल्या, पोट पुठ्ठ्यासारखे कडक झाले आणि काळी बाह्यरेषा पिवळ्या रंगापासून सुटली, असे आपण लिहिले आहे. शिवाय मधमाशीला चार पंख असताना मी दोनच काढले. गोंडसपणासाठी मुलांच्या हाती चुकीची माशी का द्यायची, असेही आपण विचारले आहे. तान्ह्या बाळाच्या अंगाखाली जाणारे कापड बिघडले याचे मला मनापासून वाईट वाटते, म्हणून सविस्तर लिहिते.

कडकपणाचा काही दोष आकार लहान करण्यात आहे, आणि तो आपल्याला आधी सांगणे माझे काम होते. बरीच घरगुती मशीने डिझाइन लहान करताना टाके नव्याने मोजत नाहीत. टाक्यांची संख्या तेवढीच ठेवून त्यांना जवळ जवळ आणतात. ७० चे ५० केले की क्षेत्रफळ जवळपास निम्मे होते, म्हणजे तेवढेच टाके निम्म्या जागेत बसतात. ४० नंबरच्या दोऱ्याला दोन ओळींत साधारण ०.४ मिलिमीटर अंतर लागते, ते आपल्या दुपट्यावर ०.२९ च्या आसपास आले असणार. एवढी दाटी मलमलीला झेपत नाही. पण उरलेला दोष सर्वस्वी माझा आहे. पोटावरच्या काळ्या पट्ट्यांखालूनही मी पिवळा रंग सलग भरला होता, त्यामुळे तिथे पायाचे टाके, त्यावर पिवळा आणि त्यावर काळा असे तीन थर एकावर एक चढले. जाड टॉवेलवर आणि कॅनव्हासच्या पिशवीवर करून पाहिले तेव्हा हे माझ्या लक्षातच आले नाही, कारण ती कापडे ओझे मुकाट्याने सोसतात. मलमलीवर मी एकदाही नमुना काढला नव्हता, आणि लहान मुलांच्या कपड्यांसाठी म्हणून डिझाइन देताना ते करायलाच हवे होते.

बाह्यरेषा सुटण्याचे कारण वेगळे आहे. मशीनचा प्रत्येक टाका कापडाला आपल्या दिशेने थोडे आत ओढतो. माझ्या माशीचे पोट आडव्या टाक्यांनी भरले आहे, म्हणून ते डावी-उजवीकडून आत येते, आणि सर्वांत शेवटी येणारी काळी रेषा मात्र ठरल्या जागीच पडते. आपल्या दुपट्यावरची फट पाहा. ती बहुधा दोन्ही बगलांना असेल, वर आणि खाली नसेल. ही ओढ गृहीत धरून पोट आधीच थोडे रुंद आखावे लागते. मी दोन्ही बाजूंना ०.२ मिलिमीटर सोडले होते, पातळ सुती कापडाला त्याच्या दुप्पट हवे होते.

गेल्या आठवड्यात मंगळदास मार्केटमधून दोन मीटर मलमल आणली, ती आधी धुऊन वाळवली (सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, पॉलिएस्टरचा दोरा आटत नाही, आणि चुण्यांचे निम्मे मूळ तिथेच असते) आणि ५० मिलिमीटरची माशी पहिल्यापासून वेगळी आखली. आता काळ्या पट्ट्यांखाली पिवळा रंग फक्त कडेला मिलिमीटरभर शिरतो. मलमल रिंगमध्ये ताणून बसवू नये, कारण रिंग सुटताच ती मूळच्या मापाला येते आणि भरलेला भाग सुरकुततो. रिंगमध्ये फक्त कापडाला आधार देणारा मागचा पेपर बसवावा, त्यावर कापड सैल पसरून कडेने कच्चा दोरा घालावा. आपण वापरलेला फाडून काढायचा पेपर येथे पुरत नाही. कडेचा भाग कापून काढायचा, मऊ जाळीचा पेपर घ्यावा, जो टाक्यांखाली कायम राहतो. मागे लोंबणारे दोरे मात्र न कंटाळता कापा, कारण बाळाची बोटे त्यांत अडकतात.

आता पंखांविषयी. आमच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीखाली आग्या मधमाश्यांचे पोळे आहे आणि खिडकीत अधूनमधून एखादी मेलेली माशी सापडते. तशी एक भिंगाखाली ठेवून पाहिली तेव्हा मागच्या पंखाच्या पुढल्या कडेला बारीक आकड्यांची रांग दिसली. याच आकड्यांनी मागचा पंख पुढच्या पंखात अडकतो आणि उडताना दोन्ही मिळून एकच पंख दिसतो. माझी माशी उडणारी आहे, म्हणून बाहेरचा आकार मी बदललेला नाही. तरीही आपले म्हणणे मला पटले, कारण चार पंख आहेत हे मुलाला कुठेतरी दिसायला हवे. नव्या डिझाइनमध्ये प्रत्येक पंखात धावदोऱ्याची एक फिकट करडी रेघ आहे, जी दोन्ही पंखांची सांधजागा दाखवते. पंखांचे भरणेही एक मिलिमीटर अंतराचे, विरळ ठेवले आहे. त्यातून खालची मलमल दिसते.

डोळ्यातला पांढरा ठिपका मात्र मी काढणार नाही. तेवढ्यासाठी दोरा बदलावा लागतो ही आपली तक्रार खरी आहे, परंतु दीड मिलिमीटरचा तो ठिपका नसताना काढलेला नमुना माझ्यासमोर आहे आणि त्यातली माशी निर्जीव दिसते.

आपले दुपटे अजून वाचू शकेल असे मला वाटते. ते उजेडासमोर धरा. टाक्यांखालचे धागे तुटलेले नसतील तर उलट्या बाजूने, बॉबिनचा दोरा थोडा थोडा कापत उसवा. वरचा दोरा मग सहज निघेल. नंतर पाण्याचा हलका हबका मारून सुईची छिद्रे नखाने हळूहळू मिटवा आणि त्याच जागी नवी माशी भरा. धागे तुटले असतील तर तिथे पुन्हा सुई चालवू नका. माशी वेगळ्या सुती कापडावर भरून, कडा आत दुमडून, हाताने वर शिवा. नवी फाइल जुन्या फाइलच्याच जागी ठेवली आहे.