उडवलेल्या रोहितांचा फोटो मला पाठवू नका

आज सकाळी एका चांगल्या ओळखीच्या गृहस्थांनी उजनी धरणाकाठच्या भिगवणचा फोटो टाकलाय. रोहितांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचा, अख्खा थवा हवेत, पंखांखालचा तो लाल-काळा रंग, पाण्याचे शिंतोडे, मागे कोवळं ऊन. फोटो म्हणून नाव ठेवायला जागा नाही. पण वर त्यांनी स्वतःच लिहिलंय, "तासभर नुसते चिखलात तोंड खुपसून उभे होते. शेवटी बोटवाल्याला सांगून उडवले. पैसे वसूल!"

आणि त्याखाली आपलीच माणसं. "अप्रतिम", "काय टायमिंग साधलंय", "कॅलेंडरला द्या". बडोद्याच्या दांडिया बाजारातली, रावपुऱ्यातली, माझ्या लग्नाला आलेली माणसं. घरासमोरच्या झाडावर चिमणीने घरटं केलं तर फांदी तोडू न देणारी माणसं. एकालाही विचारावंसं वाटलं नाही की उडवले म्हणजे काय केलंत? तिथे लिहिलं असतं तर भांडण झालं असतं, आणि त्या गृहस्थांच्या घरी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मला जायचंय. म्हणून इथे, माझ्या भिंतीवर लिहितेय.

त्या "पैसे वसूल"पाशी मी अडकलेय.

आम्हीही गेलो होतो भिगवणला. बडोद्याहून रात्रीच्या गाडीने पुणं, तिथे ह्यांच्या आतेभावाकडे मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी अंधारातच सोलापूर रस्ता. कुंभारगावच्या काठाला लागलो तेव्हा तांबडं फुटत होतं. उजनी धरणाचं फुगलेलं पाणी हिवाळा सरता सरता मागे हटायला लागतं, चिखल उघडा पडतो, आणि त्या चिखलातलं बारीक जीवजंतू-शेवाळ खायला हे पक्षी येतात. आमचा बोटवाला कानाला मफलर गुंडाळलेला, फारसं न बोलणारा माणूस. थवा दिसायला लागल्यावर त्याने बऱ्याच लांबून इंजिन बंद केलं आणि बांबूने रेटत रेटत बोट एका जागी आणून थांबवली. मग म्हणाला, "ताई, आता हालू नका. त्यांचं त्यांना येऊ द्या."

आणि खरंच ते आले! खाता खाता, एकेक पाऊल टाकत, आमच्याच बाजूला सरकत आले. रोहित खातो तेव्हा मान खाली घालून डोकं चक्क उलटं करतो, वरची चोच खाली. पाणी आत घेतो, जिभेने बाहेर ढकलतो, आणि चोचीच्या कडेच्या गाळणीत अन्न अडकतं. हे सगळं न थांबता चाललेलं असतं, आणि सगळा थवा मिळून हलक्या आवाजात काहीतरी बोलत असतो. मी कॅमेरा मांडीवर ठेवून नुसतं ऐकत बसले होते.

तेवढ्यात दुसरी बोट आली. त्यातला एकजण उभा राहिला, हातात मोठी लेन्स, आणि आपल्या बोटवाल्यावर ओरडला, "ए, उडव की रे त्यांना! एवढ्या लांबून काय बसलेले बघायला आलोय?" (बोटवाला त्याच्या वडिलांच्या वयाचा होता. हेही मला तेव्हापासून टोचतंय.) वर काही पैसे कबूल झाले. इंजिन चालू झालं आणि बोट सरळ थव्यात घुसली.

रोहित जागच्या जागी उडू शकत नाही. अंग जड, पाय लांब. त्याला पाण्यावरून धावावं लागतं, पंख मारत, मान ताणून, मग कुठे तो वर उचलला जातो. फोटोत जे सुंदर शिंतोडे दिसतात ना, ते त्या धावण्याचे असतात.

आमचा बोटवाला तेव्हा जे बोलला ते मी विसरणार नाही. "सकाळधरनं ही चवथी बारी. आता पार पल्याड जात्याल. मंग दुपारच्या पार्टीला मी काय दावू?"

पंगतीत पहिला घास घेतलेल्या माणसाला कोणी उठवून म्हटलं, जरा पळून दाखवा, फोटो काढायचाय, तर आपण त्याला काय म्हणू? आणि एकदा नाही. तो परत पानावर बसला की दुसरा येतो, मग तिसरा. हे पक्षी आपल्याकडे सहलीला येत नाहीत हो, खायला येतात. आपल्या वढवाण्याच्या तलावावर, बडोद्याजवळ डभोईच्या पुढे, थंडीत जे पट्टकादंब (डोक्यावर काळे पट्टे असलेले हंस) उतरतात ते मंगोलिया-तिबेटकडून हिमालय ओलांडून येतात. पाठीवर यंत्र बसवून माग काढलेल्या पट्टकादंबांची उंची सात हजार मीटरच्या वर मोजली गेलीय. फेब्रुवारी-मार्चमध्ये तेवढंच परत जायचं असतं. त्या परतीची शिदोरी ते इथे अंगावर चढवतात, चरबीच्या रूपात. एकेका उड्डाणाला त्यातलं काही जळतं. आणि आपण "जरा उडव" म्हणतो.

वढवाण्याबद्दल मी जास्त हळवी आहे, ते मान्य. सयाजीराव महाराजांच्या काळात, 1910च्या सुमारास, शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला तलाव तो. आज गावकऱ्यांची शेतं त्यावर भिजतात आणि हजारो बदकं, कलहंस, वारकरी (हे काळे पाणपक्षी, इंग्रजीत कूट) त्यावर हिवाळा काढतात. 2021 साली पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत नाव आलं तेव्हा आम्ही घरी श्रीखंड आणलं होतं. आणि त्यानंतर काय झालं? रविवारी पाळेवर गाड्यांची रांग. पक्षी लांब आहेत म्हणून टाळ्या वाजवणारे लोक. हो, टाळ्या! मोठी मोठी शिकलेली माणसं तलावाच्या काठावर उभं राहून टाळ्या वाजवतात, का तर वारकऱ्यांचा थवा पाण्यावरून पळेल आणि व्हिडिओ मिळेल. मागच्या हिवाळ्यात एकाने ड्रोन काढला. मी जाऊन सांगितलं तर म्हणाला, "मावशी, पक्ष्यांना सवय असते."

कोणी सांगितलं सवय असते? घिरट्या घालणारी गोष्ट डोक्यावर आली की बदकाला ती शिकारी पक्षी वाटू शकते.

आणि कच्छच्या छोट्या रणात तर याहून वाईट. तिथे जीपवाले हुबाऱ्यामागे (हा माळढोकाचा भाऊबंद) गाडी घालतात. मातीच्या रंगात मिसळून, झुडपाआड दबून बसणं एवढीच ज्याची जगण्याची युक्ती, त्या पक्ष्याला चारही बाजूंनी गाड्यांनी घेरायचं आणि तो उडाला की धडाधड फ्रेम मारायच्या. आखूड कानाच्या घुबडांचंही तेच. रात्री रातव्याच्या डोळ्यांवर टॉर्च. कोकणात पावसाळ्यात तिबोटी खंड्याच्या बिळासमोर रांगा, स्वर्गीय नर्तकाच्या घरट्यापुढच्या फांद्या छाटलेल्या, का तर पानं मध्ये येतात! ती पानं त्या पिल्लांवरची सावली असते, आणि शिक्र्यापासून, कावळ्यापासून आडोसा असतो. फोटो काढून तुम्ही गेलात हॉटेलात जेवायला, मागे ते घरटं उघडं पडलं.

संताप होतो मला. खरंच होतो.

वन्यजीव संरक्षण कायदा 1972चा आहे. त्यात शिकारीची व्याख्या वाचा एकदा. नुसतं मारणं नाही, वन्य प्राण्याला हाकणं, आमिष दाखवणं हेसुद्धा शिकारीतच धरलंय, आणि पक्ष्यांच्या अंड्यांची नासधूस करणं, अंडी-घरटी विस्कटणं तर वेगळं लिहूनच ठेवलंय. पूर्वी राजेरजवाड्यांच्या शिकारीत हाका घालायचे, रान उठवायचे, बंदुकीसमोर जनावर आणायचे. आता लेन्ससमोर आणतात. रक्त सांडत नाही हा फरक मोठा आहे, तेवढं मी मान्य करते.

आता मला माहीत आहे खाली काय काय येणार. "भोवत्या एक फेरी मारून गेला तरी सगळा तलाव उठतो की." उठतो. पण भोवत्या शिकारी पक्षी आहे, त्याला पोट आहे, तुम्हाला नाश्ता मिळालेला असतो. "या फोटोंमुळेच लोकांना पक्षी कळले." कळले, खरंय. "बोटवाल्यांचं घर चालतं." चालतं, आणि चालायलाच हवं. धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या त्या गावांमधले लोक आहेत ते. चिलापी मासे मारून जेवढं मिळत नाही तेवढं थंडीच्या दोन-तीन महिन्यांत मिळतं. पण मी ज्या बोटीत बसले होते त्याने काय म्हटलं ते परत वाचा. दुपारच्या पार्टीला काय दाखवू? थवा पल्याड गेला की नुकसान त्याचं. उडवायचे पैसे एकजण देतो आणि दिवसभराची कमाई चौघांची जाते.

मला बोटवाल्यावर रागावता येत नाही. समोर गिऱ्हाईक बसलंय, गाडीभाडं करून आलंय, नाही म्हटलं तर पुढच्या वेळी शेजारच्या बोटीत बसेल, वर कुठेतरी एक स्टार देऊन जाईल. राग येतो तो गिऱ्हाइकाच्या घाईचा. शनिवार-रविवार काढलाय, लेन्सचे हप्ते चालू आहेत, सोमवारी ऑफिस आहे, तेव्हा पक्ष्याने रविवारी सकाळी साडेसात ते साडेनऊमध्ये उडून दाखवलंच पाहिजे. प्रवासाला निघाल्यावर माणसाला हे असं का होतं? घरी हाच माणूस कमाटी बागेत तासभर बाकावर शांत बसतो.

आणि फोटोच हवा असेल तरी उडवून चांगला फोटो मिळत नाही, हे जाणकार तुम्हाला सांगतील. घाबरलेला पक्षी तुमच्यापासून लांब पळतो. मिळते काय, तर शेपटी आणि पाठ. त्या दुसऱ्या बोटीतल्या माणसाला तेच मिळालं असणार, कारण थवा आमच्या डोक्यावरून गेला, त्याच्याकडे पाठ करून. तो मान खाली घालून स्क्रीनवर फ्रेम तपासत होता, आणि रोहित आमच्या इतक्या जवळून गेले की पंखांचा आवाज ऐकू आला. त्याने वर पाहिलंच नाही. त्या क्षणी मला त्याचा राग नाही आला, वाईट वाटलं.

पक्षी वाऱ्याच्या तोंडावर उठतो आणि वाऱ्याच्या तोंडावरच उतरतो. हे एवढं एक लक्षात ठेवलं तर पुष्कळ काम होतं. वारा पाठीवर, सूर्य पाठीवर, आणि तुम्ही गप्प बसलेले. संध्याकाळी शेतातून चरून कलहंस वढवाण्याला परत येतात तेव्हा ते आपणहून तुमच्या समोर, तोंड तुमच्याकडे करून, पाय पुढे काढून उतरतात. ह्यांचा सगळ्यात चांगला फोटो असाच आलाय, आणि त्यासाठी एकही पक्षी हलवावा लागला नाही. कधी येतात, कधी येत नाहीत. नाही आले तर डभोईला चहा पिऊन घरी यायचं.

सगळेच वाईट नाहीत, हेही लिहायला हवं. वढवाण्याला कॉलेजातली काही मुलं येतात, साध्या दुर्बिणी घेऊन. वहीत नोंदी करतात, संध्याकाळी ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर, टाकतात. नाजूक पक्ष्यांच्या जागा त्या संकेतस्थळावर आता उघड दाखवत नाहीत, ते एक बरं केलंय. घरट्यांचे फोटो न स्वीकारणाऱ्या स्पर्धाही वाढल्यात. त्या मुलांतल्या एकीने मला कांड्या करकोच्यांचा थवा दाखवला, लांब, पलीकडच्या काठाला, नुसती करडी रेघ. मी म्हटलं जवळ जाऊ या का, तर म्हणाली, "काकू, इथूनच छान आहे. जवळ गेलो की ते मान वर करतात, म्हणजे खाणं थांबलं." विशीतली मुलगी. मी तिच्यासोबत उभी राहिले आणि माझा सगळा राग कुठच्या कुठे गेला. ते गृहस्थ तिला भेटले असते तर बरं झालं असतं. कदाचित त्यांना कोणी सांगितलंच नसेल. आपण सगळे "अप्रतिम" लिहीत बसलो तर कळणार तरी कुठून?

म्हणून माझी विनंती आहे, आणि ती तुम्हा सगळ्यांना, म्हणजे लाइक करणाऱ्यांनासुद्धा. फोटो कसा काढला हे विचारा. भांडू नका, नुसतं विचारा. इंजिन चालू होतं का? घरटं होतं का? रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून पक्षी बोलावला का? आणि उत्तर तसं असेल तर हृदयाचं चिन्ह देऊ नका. या छंदात कितीतरी माणसं त्या चिन्हासाठीच उडवतात.

आणि भिगवणला जाणार असाल तर काठावरच, बोटीत बसायच्या आधी ठरवून घ्या. "दादा, थवा दिसला की इंजिन बंद कराल का? उडवायचं नाही. त्याचेच शंभर-दोनशे जास्त देते." आम्ही आता असंच करतो, वेळावदरच्या काळवीट उद्यानात करतो, रणात जीपवाल्याशीही करतो. पहिल्यांदा ते चमकून बघतात, मग हसतात. मफलरवाल्या दादांना आम्ही निघताना ठरल्यापेक्षा जास्त दिले तर घेईनात. "फिरवलं तर कुठंच न्हाई तुम्हाला," म्हणाले. बळेच खिशात घातले.

असे न उडवणारे बोटवाले, जीपवाले तुमच्या माहितीत असतील तर मला इनबॉक्समध्ये नंबर पाठवा. त्यांना विचारून, त्यांची हरकत नसेल तर मी यादी करून थंडी संपायच्या आत आपल्या बडोद्याच्या ग्रुपवर टाकते, म्हणजे पुढच्या वेळी इथून जाणारा प्रत्येकजण आधी त्यांनाच फोन करेल.