हेडलाइट, टूथपेस्ट आणि ‘दुप्पट उजेडा’चा दावा

व्हॉट्सॲपवर पुन्हापुन्हा फिरणाऱ्या एका संदेशाचा आणि त्यासोबतच्या चित्रफितीचा आशय असा : हेडलाइटची काच पिवळी पडली म्हणजे तिच्यावर मळ साचला आहे, टूथपेस्ट लावून दहा मिनिटे घासली की ती कायमची नव्यासारखी होते. एवढ्याने भागले नाही, तर जुन्या हॅलोजनच्या जागी एलईडी किंवा शंभर वॅटचा बल्ब टाकावा, उजेड दुप्पट होतो. आणि अख्खी हेडलाइट बदलायला सांगणारा मेकॅनिक सरळसरळ लुबाडतो.

पहिला दावा मुळातच चुकतो, कारण तो पिवळेपणा मळाचा नसतो. ही काच म्हणजे पॉलिकार्बोनेट नावाचे प्लास्टिक असते आणि अतिनील किरणांपासून ते जपण्यासाठी कारखान्यातच त्यावर पातळ, कडक लेप चढवलेला असतो. परभणी-नांदेडकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, गाडी दिवसभर उघड्यावर उभी असते, आणि वर्षानुवर्षांच्या उन्हाने तो लेप तडकत, सुटत जाऊन खालचे प्लास्टिकच पिवळे पडते. टूथपेस्टमधले बारीक कण वरचा थर थोडासा खरवडतात, त्यामुळे काच लगेच उजळते; चित्रफितीत दिसते ते खोटे नाही, अपुरे आहे. उरलासुरला लेपही त्याच घासण्यात जातो आणि उघडे पडलेले प्लास्टिक काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पुन्हा धुरकटते.

काम नीट करायचे, तर ८०० किंवा १००० नंबरच्या वॉटर पेपरने (पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर, नंबर जितका मोठा तितका बारीक) पाणी मारत सुरुवात करावी. आधी पिवळसर पाणी ओघळते. ते पांढरे येऊ लागले की जुना थर निघाला असे समजावे. मग १५००, २०००, ३००० असे चढत जावे, कंपाउंडने (पॉलिशच्या पेस्टने) चकाकी आणावी आणि शेवटी अतिनील किरण रोखणारा क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक लेप, मारावा. हा शेवटचा टप्पा गाळला, तर आधीची सगळी मेहनत टूथपेस्टच्याच लायकीची ठरते.

एलईडीचा दावा जास्त घातक आहे. अनेक गाड्यांत असलेला एच-४ बल्ब हातात घेऊन पाहिला (फक्त धातूच्या बुडाशी धरून, कारण बोटांचे तेल काचेला लागले की ती तिथे जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो), तर त्यात उजेड देणाऱ्या दोन तारा दिसतात, एक लांबच्या उजेडाची आणि एक डिपरची, म्हणजे जवळ, खाली पडणाऱ्या उजेडाची; डिपरच्या तारेखाली धातूची एक छोटी वाटी दिसते. वर जाणारा उजेड ही वाटी अडवते, आणि मागचा रिफ्लेक्टर त्या तारेची नेमकी जागा धरूनच घडवलेला असतो. स्वस्त एलईडीत उजेड देणारी चिप त्या जागी आणि त्या आकाराची नसते. उजेड वाढतो हे खरे, पण तो रस्त्यावर पडायचा सोडून समोरच्याच्या डोळ्यांत जातो. उसाच्या हंगामात अंबाजोगाई-लातूर रस्त्यावर मागे रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली उभी असते. डोळे दिपलेल्या चालकाला ती शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. शिवाय अशा बल्बच्या मागच्या पंख्यामुळे हेडलाइटचे रबरी झाकण नीट बसत नाही, आणि आपल्याकडची धूळ व पावसाळ्यातला ओलावा थेट आत शिरतो. कंपनीने ठरवून दिलेल्या रचनेत असा फेरफार मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ लाही धरून नाही.

शंभर वॅटच्या बल्बचे उत्तर थोडक्यात देता येते. एच-४ हा ६०/५५ वॅटचा असतो, म्हणजे लांबच्या उजेडाला ६० आणि डिपरला ५५. ५५ वॅटला बारा व्होल्टवर साधारण साडेचार अँपिअर लागतात, शंभर वॅटला आठांहून जास्त. मूळ वायरिंग आणि प्लास्टिकचा होल्डर त्यासाठी बनलेला नसतो, म्हणून तो वितळतो. उजेड कमी वाटला, तर आधी मल्टिमीटरने बल्बच्या होल्डरवर व्होल्टेज मोजावे. गंजलेल्या अर्थिंगमुळे (बल्बची वायर गाडीच्या पत्र्याला जोडणाऱ्या जोडामुळे) दहा टक्के व्होल्टेज घटले, तरी हॅलोजनचा उजेड सुमारे तीस टक्क्यांनी उतरतो. अशा वेळी अर्थिंगचा बोल्ट सोडवून, घासून, पुन्हा आवळणे हाच इलाज असतो आणि त्याला जवळपास काहीच खर्च येत नाही. संदेशात मात्र याचा उल्लेखही नाही!

उरला मेकॅनिक. बाहेरून पिवळी पडलेली, पण आतून धड असलेली हेडलाइट बदलायला लावणारे गॅरेजवाले असतात, यात शंका नाही. पण आतल्या रिफ्लेक्टरची चकाकी उडाली असेल, काच तडकून आत पाणी साचत असेल किंवा हेडलाइट धरून ठेवणारे कान तुटले असतील, तर बाहेरून कितीही घासून उपयोग नाही. तिथे नवी असेंब्लीच, म्हणजे अख्खी हेडलाइटच, लागते. ती बसवल्यावर सपाट जागेवर भिंतीसमोर गाडी उभी करून फोकस जुळवून घ्यावा : डिपरची वरची कड दहा मीटरवर हेडलाइटच्या उंचीपेक्षा साधारण दहा सेंटिमीटर खाली पडायला हवी.