कर्ज बुडवावं तर मोठं बुडवावं

कर्ज बुडवायचं ठरवलंत? उत्तम. फक्त चौदा हजारांचं बुडवू नका, हात जोडून सांगतो. माझ्या जुन्या ऑफिसातल्या एका महाभागाने कुठल्याशा अ‍ॅपवरून तेवढंच उचललं, फॉर्मवर 'रेफरन्स' म्हणून माझा नंबर टाकला आणि स्वतःचा फोन बंद करून बसला. तेव्हापासून वसुलीवाला मला छळतोय. दादरला गाडी बदलताना, साहेबासमोर, ताटावर बसल्यावर. मी कुठे सही केलेली नाही, जामीन राहिलेलो नाही, त्या पैशातला वडापावसुद्धा खाल्लेला नाही. हे सगळं सांगून झाल्यावर तो शांतपणे म्हणाला, "सर, लिया किसी ने भी हो, भरेगा वही ना जो फोन उठाएगा."

हा माणूस फुकट चाललाय. याला वॉशिंग्टनला, देशांना कर्ज देणाऱ्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत घ्यायला हवा.

तर ज्यांना कर्ज बुडवून निवांत झोपायचंय, त्यांच्यासाठी चार सूचना.

रक्कम अशी हवी की तुम्ही बुडालात तर समोरच्याला घाम फुटला पाहिजे. अमेरिकेत उत्पन्नाचा दाखला धड न बघता घरकर्जं वाटली, त्या कर्जांची मोट बांधून रोखे केले, रोख्यांवर 'एएए'चा, म्हणजे सर्वात सुरक्षित असल्याचा, शिक्का मारून घेतला आणि जगभर विकले. 15 सप्टेंबर 2008 ला लेहमन ब्रदर्स या गुंतवणूक बँकेने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा अंगावर 600 अब्ज डॉलरहून जास्त देणं होतं. तिला कोणी वाचवलं नाही, पण दुसऱ्याच दिवशी सगळ्यांचे पाय लटपटले आणि एआयजी या विमा कंपनीला 85 अब्ज डॉलरचा टेकू मिळाला. पुढच्या मार्चमध्ये, ज्या विभागाने ती कंपनी खड्ड्यात घातली त्याच विभागाला 16.5 कोटी डॉलरचा बोनस वाटला गेला. घरं लिलावात गेली ती लाखो भलत्याच लोकांची. एआयजीच्या साहेबांच्या जुन्या ऑफिसातल्या कुणाला ताटावर फोन आल्याचं ऐकिवात नाही.

मानांकन, म्हणजे कर्ज फेडण्याची पत चांगली असल्याचा शिक्का, आधी मिळवा, धंद्याचं नंतर बघू. आपल्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या आयएल अँड एफएस या रस्ते-पुलांसारख्या प्रकल्पांना पैसा पुरवणाऱ्या कंपनीचं मानांकन ऑगस्ट 2018 पर्यंत झकास होतं. सप्टेंबरात हप्ते चुकले, आणि डोक्यावर 91 हजार कोटींच्या घरातलं कर्ज निघालं.

डॉलरमध्ये मात्र घेऊ नका. व्याज वॉशिंग्टनमध्ये चढतं आणि घाम मेक्सिकोला फुटतो; त्यांनी ऑगस्ट 1982 मध्ये हात वर केले.

तुम्ही पगारदार असाल तर घरकर्ज घ्या. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो, 4 टक्क्यांवरून 6.5 वर गेला, तरी कित्येकांचा हप्ता एक पैशाने वाढला नाही. मुदत तेवढी सेवानिवृत्तीच्या पलीकडे जाऊन बसली. बँकेचं कळवायचं राहून गेलं असेल.

देश चालवायला मिळाला तर बहारच. श्रीलंकेचा कित्ता गिरवा: आधीच कर्ज मानेपर्यंत आलेलं असताना 2019 च्या अखेरीला करकपात करून टाळ्या घ्या, 2021 मध्ये रासायनिक खतांवर एका फटक्यात बंदी घाला. मध्ये कोविडने पर्यटन झोपवलं, तर दोष द्यायला तोही आहे. एप्रिल 2022 मध्ये परदेशी कर्जाची फेड थांबली. पण त्याच्या आधीच कागद नाही म्हणून पोरांच्या परीक्षा पुढे ढकलल्या गेल्या होत्या. त्या पोरांनी कुठलं अ‍ॅप डाउनलोड केलं होतं? ग्रीसच्या सरकारने तुटीचा आकडा लपवला आणि 2015 च्या उन्हाळ्यात दिवसाला 60 युरोच्या वर पैसे मिळेनात म्हणून एटीएमपुढे उभे राहिले ते पेन्शनर. मदत मिळाली होती की, 2010 ची पहिली खेपच 110 अब्ज युरोंची होती. त्यातला बराचसा पैसा सावकारांची जुनी देणी भागवण्यात गेला, आणि त्या सावकारांत जर्मन-फ्रेंच बँका होत्या.

आपणही काही मागे नव्हतो. ऐंशीच्या दशकात उसनवारीवर दिवस काढले, आखाती युद्धाने तेल महाग केलं, अनिवासी भारतीयांनी ठेवी काढून घेतल्या आणि 1991 मध्ये जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते डॉलर उरले. जुलैत रिझर्व्ह बँकेचं 47 टन सोनं याच मुंबईच्या विमानतळावरून गहाण ठेवायला गेलं. बदल्यात मिळाले 40 कोटी डॉलर. रुपया घसरला आणि रॉकेल-तेलाचा हिशेब गिरणगावातल्या बायकांनी घातला.

शेवटची सूचना, अस्सल मुंबईकरांसाठी: बँकच खिशात घाला. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक भांडुपची. कागदावर थकीत कर्जं चार टक्क्यांच्या आत. प्रत्यक्षात सुमारे 6,500 कोटी, म्हणजे एकूण कर्जाच्या सत्तर टक्क्यांहून जास्त, एकाच बिल्डर समूहाकडे, एचडीआयएलकडे. हे झाकायला 21 हजारांवर बोगस खाती. सप्टेंबर 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि ठेवीदाराला सांगितलं, सहा महिन्यांत मिळून एक हजार रुपये काढा. एक हजार! मुंबईत! डायलिसिसवाल्याने काय करायचं, पोरीचं लग्न तोंडावर आलेल्याने काय करायचं, फंडाचे सगळे पैसे तिथेच ठेवलेल्या म्हाताऱ्याने काय करायचं? पुढे बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली आणि ज्यांची मोठी ठेव होती त्यांना उरलेली रक्कम हप्त्याहप्त्याने, दहा वर्षांत घ्या म्हणून सांगितलं. सत्तरीच्या माणसाला दहा वर्षं! स्वतःचे पैसे, कर्ज एका रुपयाचं नाही, आणि हप्ते बांधून मिळतायत ते त्याला!

उपरोध गेला चुलीत. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2022 मध्ये बजावलंय की वसुलीवाल्याने सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर कर्जदाराला फोन करायचा नाही, आणि त्याच्या नातेवाइकांना, मित्रांना, रेफरन्सवाल्यांना छळायचं नाही. मी ते वाक्य त्या पोराला वाचून दाखवलं. त्याने "ठीक है सर" म्हणून दुसऱ्या नंबरवरून फोन केला. त्यालाही टार्गेट असणार, त्याच्यावर माझा राग नाही.

राग तुमच्यावर आहे. हो, तुमच्यावर. सहकारी बँकेच्या वार्षिक सभेला तुम्ही येता ते नाश्त्याच्या पाकिटासाठी आणि भेटवस्तूच्या कूपनसाठी. अहवालाने वारा घेता. व्यासपीठावरून विषय वाचून संपायच्या आत मागून "मंजूर, मंजूर" ओरडता, कारण बटाटेवडे गार होतायत. कोणी उठून विचारलं की सगळ्यात मोठे वीस कर्जदार कोण, त्यांची थकबाकी किती, तर "ओ काका, बसा हो खाली" म्हणणारे तुम्हीच. अर्धा टक्का जास्त व्याज दिसलं की आयुष्यभराची पुंजी एका ठिकाणी नेऊन ओतता, आणि ठेवींवरचा विमा फक्त पाच लाखांचा असतो हे शटर पडल्यावर विचारता. आणि त्या चौदा हजारवाल्यालाही सांगतो, तू हे वाचतोयस हे मला माहीत आहे: फोन चालू कर, निर्लज्जा.

सहकारी बँकांच्या सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतात. प्रश्न लेखी द्या, पोच घ्या. जमत नसेल तर घरी बसा, पण उद्या पैसे अडकले की 'सरकार झोपलंय का' असले मेसेज मला पाठवायचे नाहीत.