लाल दिव्यांची पट्टी आणि विखुरलेले लक्ष

बेळगावच्या शहापूर-वडगावपासून खानापूरपर्यंतच्या आपल्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. कपाळाला लाल दिव्यांची पट्टी बांधून रोज दहा मिनिटे बसल्यास मोठ्या माणसांचे विखुरलेले लक्ष जागेवर येते, पावसाळी दिवसांत तर ती विशेष गुणकारी ठरते, नासाने हे सिद्ध केले आहे, गोळ्यांची गरज उरत नाही आणि अपाय काहीच नाही, असे त्याचे म्हणणे आहे. आमच्या गल्लीतल्या एका हिशेबनिसांनी ती पट्टी मागवली, म्हणून हे लिहीत आहे.

नासाचा मुद्दा लवकर निकालात निघतो. अंतराळात रोपे वाढवण्यासाठी वापरलेल्या एलईडी दिव्यांचा जखमा भरून येण्यासाठी उपयोग होतो का, हे त्या संस्थेच्या पाठबळाने तपासले गेले. विषय जखमांचा होता, एकाग्रतेचा नव्हे.

प्रकाश मेंदूपर्यंत पोहोचतो, हा मुद्दा मात्र अर्धा खरा असल्यामुळे अधिक फसवा आहे. अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर बोटे ठेवली की ती लालबुंद दिसतात, हे सर्वांनी पाहिले आहे. पण कपाळावर त्वचेमागे कवटीचे हाड असते आणि त्यातून पार होऊन मेंदूच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचतो तो प्रकाशाचा अगदी थोडा अंश. त्यातही डोळ्यांना दिसणारा लाल प्रकाश लवकर अडतो आणि न दिसणारा अवरक्त प्रकाश त्याहून खोल जातो. म्हणून संशोधक साधारण 810 किंवा 1064 नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश वापरतात आणि पेशींतील ऊर्जानिर्मितीशी निगडित एक विकर (एन्झाइम) तो शोषून घेते, असे त्यामागचे प्रमुख गृहीतक आहे. हिशेबनिसांच्या पट्टीच्या खोक्यावर 'शक्तिशाली लाल प्रकाश' एवढेच छापलेले होते. नॅनोमीटरचा आकडा नव्हता, प्रकाशाची ताकद सांगणारा मिलीवॅटचाही नव्हता. मात्रा न लिहिलेली औषधाची बाटली आपण घरात ठेवली असती का?

संशोधन झालेलेच नाही, असे मी म्हणत नाही. टेक्सास विद्यापीठातील 2013 सालच्या प्रसिद्ध प्रयोगात 40 निरोगी तरुणांपैकी काहींच्या उजव्या कपाळावर 1064 नॅनोमीटरचा लेसर आणि इतरांवर केवळ देखावा, अशी तुलना झाली. लेसर घेतलेल्यांची प्रतिक्रिया लक्षाच्या चाचणीत अधिक जलद आढळली. पण ती एका वेळेची चाचणी होती, लेसर प्रयोगशाळेतला होता आणि माणसे लक्षाच्या विकाराची रुग्ण नव्हती. लहान प्रयोगातली आशा मोठ्या चाचणीत टिकतेच असे नाही, हेही याच क्षेत्राने पाहिले आहे: पक्षाघाताच्या रुग्णांवरील अशाच लेसर उपचाराची 1000 रुग्णांची नियोजित चाचणी, 630 रुग्ण झाल्यावर, लाभ दिसण्याची शक्यता नाही म्हणून थांबवावी लागली.

पावसाळी दिवसांचा दाखला दुसऱ्याच उपचारातून उचललेला आहे. हिवाळ्यातील नैराश्यासाठी सकाळी सुमारे 10,000 लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) पांढऱ्या दिव्यासमोर अर्धा तास बसवतात, आणि तो प्रकाश कवटीतून नव्हे, डोळ्यांवाटे काम करतो. तो उपचार जिथे रुजला, तिथे हिवाळ्यातला दिवस फार लहान असतो. बेळगावात तो डिसेंबरातही अकरा तासांहून मोठा असतो. आषाढात खानापूरकडे आभाळ कितीही उतरलेले असले तरी अंगणातला उजेड माजघरातल्या ट्यूबलाइटपेक्षा कितीतरी अधिक असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत.

'अपाय काहीच नाही' हे विधान तर बेजबाबदार आहे. अवरक्त लेसर दिसत नाही, त्यामुळे पापणी आपोआप मिटत नाही आणि दृष्टिपटलाला इजा होऊ शकते.

राहिला गोळ्यांचा प्रश्न. लक्ष न लागण्यामागे अपुरी झोप, थायरॉईड, नैराश्य किंवा लहानपणापासूनचा विकार असू शकतो, आणि यांतले काय आहे ते डॉक्टरांनी तपासून ठरवायचे असते; चालू गोळी संदेश वाचून बंद करायची नसते. हिशेबनिसांना मी झोपेचे विचारले, तेव्हा रात्री एकपर्यंत मोबाइल आणि पहाटे पाचला पाणी भरायला उठणे, असा त्यांचा क्रम निघाला. पट्टी परत करण्याची मुदत शनिवारपर्यंत आहे, आणि खोके त्यांनी अजून फाडलेले नाही.