यकृतातलं गळू ‘पिकू द्या’ म्हणे!

नाशिकच्या फॅमिली ग्रुपांवर फिरणारा मेसेज आता तापाने फणफणलेल्या मेहुण्याच्या मोबाईलवर पोचला, आणि पठ्ठ्या सिव्हिलला जायचं सोडून एरंडेल शोधतोय. मेसेज असा: यकृतातल्या गळवात सुई घालू देऊ नका, पू पोटभर पसरतो. एरंडेल लावून शेका, गळू पिकून शौचावाटे निघून जाईल. हा दारुड्यांचाच आजार. ताप गेला की गोळ्या बंद.

शौचावाटे? मांडीवरचं गळू पिकलं की कातडी फुटून पू बाहेर येतो. यकृतातलं फुटलं तर तो पोटाच्या पोकळीत नाहीतर छातीत उतरतो. डाव्या भागातलं असेल तर हृदयाच्या आवरणातही. म्हणजे मेसेज ज्याची भीती घालतो, तेच शेकत बसणाऱ्याच्या वाट्याला येऊ शकतं.

सुई आंधळेपणाने खुपसत नाहीत. आधी रक्त गोठण्याची तपासणी, मग जागा बधिर करून सोनोग्राफीत बघत बघत. पू घट्ट, भरपूर असेल तर पिगटेल नळी (टोकाला वेटोळं असलेली बारीक नळी) ठेवतात. खरा त्रास नंतरचा: घट्ट पुवाने नळी तुंबते म्हणून ती सलाइनने धुवावी लागते, आणि कूस बदलताना पिशवीच्या ओढीने ती निसटते. चिकटपट्टी पक्की हवी, पिशवी कमरेच्या खाली. निचरा दिवसाला 10 मिलीच्या आत आला आणि पोकळी आक्रसली, की साधारणपणे नळी काढतात.

प्रत्येक गळवाला सुई लागत नाही, एवढं मान्य. कॉक्रेन या वैद्यकीय चाचण्या पडताळणाऱ्या संस्थेच्या 2009 च्या आढाव्यात 7 चाचण्या, 310 रुग्ण होते. गुंतागुंत नसलेल्या अमीबिक (अमीबा या सूक्ष्म परजीवीमुळे होणाऱ्या) गळवात मेट्रोनिडाझोल या अमीबा मारणाऱ्या औषधाच्या जोडीला सुई घालून फायदा होतो की नाही, ते ठरलं नाही. पण मेट्रोनिडाझोल दोन्ही गटांना होतं. एरंडेल कुणालाच नव्हतं! गळू फुटायच्या बेतात असेल, डाव्या भागात मोठं असेल, किंवा औषध सुरू होऊन तीन-चार दिवसांत ताप हटत नसेल, तर वाट बघायची नाही. जिवाणूंचं गळू, जे मधुमेहींत जास्त, त्याला बहुतेकदा निचरा आणि एकूण 4 ते 6 आठवडे अँटिबायोटिक लागतं.

दारूने धोका वाढतो, पण अमीबा येतो दूषित पाण्यातून, न धुतलेल्या हातांतून. माळकऱ्यालाही होतो. पाणी उकळा, नेहमीच्या क्लोरीनला त्याची सिस्ट, म्हणजे टणक कवचातलं रूप, दाद देत नाही.

अमीबिक गळवाच्या गोळ्यांचं म्हणाल तर मेट्रोनिडाझोल 7 ते 10 दिवस, आणि त्या काळात दारू नाही. त्यानंतर आतड्यात दडलेल्या अमीबासाठी वेगळं औषध, उदाहरणार्थ डायलोक्सानाइड 500 मिग्रॅ दिवसातून तीनदा, 10 दिवस. हे दुसरं औषध सुटलं तर गळू पुन्हा होऊ शकतं. सोनोग्राफीत पोकळी मात्र महिनोन्महिने दिसते; ताप नाही, दुखत नाही, भूक लागतेय, तर तेवढ्यासाठी परत सुई नको.